शेवाळ आणि चौशिंगा

झाशी हे नाव ऐकताच मराठी मनापुढे चित्र उभे राहते ते किल्ल्याचे, राणी लक्ष्मीबाईचे आणि १८५८ सालच्या वेढ्याचे. वरसईच्या विष्णुभट गोडशे यांनी त्या वेढ्याची हकीकत लिहून ठेवली आणि ती १९०७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या त्या तटाबुरुजांवरून मनाने फिरून आल्या आहेत. अशा वाचकाने प्रत्यक्ष झाशीस जावे आणि जुन्या दगडी भिंतींवरून खाली आलेले काळे ओघळ पाहून ते तोफांच्या धुराचे डाग असावेत असे समजावे, यात नवल नाही. परंतु तो समज खरा नव्हे. तोफांचा धूर केव्हाच धुऊन गेला. असे ओघळ बहुधा जिवंत असतात. पावसाचे पाणी ज्या वाटेने दगडावरून उतरते, त्या वाटेवर नीलहरित शेवाळाचा कागदाहून पातळ असा थर वस्तीला येतो. उन्हाच्या दाहापासून बचाव व्हावा म्हणून हे जीव आपल्या आवरणात एक गडद तपकिरी रंगद्रव्य साठवितात आणि त्यामुळे ते काळे दिसतात. वैशाखात दगडावर हात ठेववत नाही, तेव्हा हा थर कोरडा पडून निपचित असतो. आषाढाच्या पहिल्या सरीबरोबर तो पुन्हा कामाला लागतो.

शेवाळ हा शब्द येथे केवळ रूढीने वापरावयाचा. या जीवांच्या पेशीत केंद्रक नसते, म्हणून शास्त्रज्ञ त्यांना वनस्पतींत न गणता जीवाणूंत गणतात आणि सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलजीवाणू, असे म्हणतात. नाव कोणतेही असो, त्यांचे काम हिरव्या पानासारखेच आहे. ते सूर्याच्या प्रकाशावर अन्न तयार करतात आणि प्राणवायू बाहेर टाकतात.

याच झाशीच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान आहे, आणि पूर्वेस खजुराहोच्या पलीकडे केन नदीच्या काठी पन्नाचे अरण्य आहे. या दोन्ही अरण्यांत एक लहानसा कुरंग राहतो. खांद्याशी त्याची उंची दोन फुटांच्या आसपास, वजन सतरा ते बावीस किलो; म्हणजे गावातल्या मध्यम शेळीएवढाच. अंगाचा रंग वाळलेल्या गवतासारखा पिवळसर तपकिरी, पोट पांढरे, पायांच्या पुढच्या बाजूवर एक काळी रेघ. नराच्या डोक्यावर मात्र शिंगांच्या दोन जोड्या असतात. मागची जोडी चारेक बोटे उंच, आणि पुढची, डोळ्यांच्या वर उगवलेली, बोटाच्या पेराएवढी. काही नरांत पुढची शिंगे नुसत्या टेंगळांवरच थांबतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि कुरंग यांच्या साऱ्या विशाल कुळात वन्य स्थितीत चार शिंगे असणारा हा एकच प्राणी. त्याला चौशिंगा म्हणतात. महाराष्ट्रातही तो मेळघाटात, ताडोब्यात आणि नागझिऱ्यात आढळतो. भारत आणि नेपाळ सोडून तो कोठेही नाही. १८१६ साली द ब्लँव्हिल या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले.

या दोहोंची तुलना करावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. एक दिसत नाही इतके सूक्ष्म, आणि दुसरा दिसू नये म्हणून धडपडणारा. एक सर्वत्र पसरलेले, तर दुसरा दोन देशांच्या पानगळीच्या जंगलात उरलेला. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यापुढे माणसे उभी राहतात ती चौशिंग्याच्या; शेवाळावरून पाय घसरला तरच त्याची आठवण होते. पण बुंदेलखंडाच्या भूमीचा, पाण्याचा आणि भवितव्याचा विचार करू लागले की या दोघांची नावे पुनःपुन्हा एकत्र येतात, आणि कोणाचे रक्षण करावयाचे व कोणापासून रक्षण करावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही.

प्रथम वयाचा विचार करावा. झाशीचा किल्ला ज्या ग्रॅनाइटच्या टेकडीवर १६१३ साली ओरछाच्या वीरसिंगदेवाने बांधविला, तो बुंदेलखंडी ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे. भारतातल्या अतिप्राचीन खडकांत त्याची गणना होते. तो थिजून घट्ट झाला त्या काळाच्या आसपासच पृथ्वीच्या वातावरणात एक मोठी उलथापालथ सुरू झाली. त्यापूर्वी हवेत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हता. नीलजीवाणूंनी पाण्याचे विघटन करून तो सोडण्यास आरंभ केला. प्रथम तो समुद्रातल्या लोहात जिरून गेला आणि सुमारे दोनशे चाळीस कोटी वर्षांपूर्वी हवेत साठू लागला. त्या काळच्या बहुतेक जीवांना प्राणवायू हे विषच होते. आज ज्याला प्रदूषण म्हणतात त्याचा सर्वांत मोठा प्रसंग तो, आणि त्याच प्रदूषणावर पुढची सारी श्वास घेणारी सृष्टी उभी राहिली, चौशिंग्यासह.

याचा पुरावा पाहण्यास बुंदेलखंडाबाहेर जाण्याचेही कारण नाही. रामायणामुळे प्रत्येकाच्या परिचयाच्या झालेल्या चित्रकूटच्या परिसरातील विंध्य खडकांत नीलजीवाणूंनी रचलेले थर आणि त्यांच्या तंतूंचे जीवाश्म सापडले आहेत. १९९८ साली रफत जमाल आझमी या भूवैज्ञानिकाने तेथील सूक्ष्म जीवाश्मांविषयी निबंध लिहिला आणि ते सुमारे चोपन्न कोटी वर्षांपूर्वीचे असावेत असे प्रतिपादिले. त्यावर मोठे वादंग झाले, कारण इतर पुराव्यांवरून ते खडक त्याहून फार जुने ठरत होते. पुढे स्वीडिश शास्त्रज्ञांच्या एका गटाने तेथील नमुने पुन्हा गोळा करून क्ष-किरणांनी त्यांचे अंतरंग तपासले आणि २००९ साली निर्णय दिला की जीवाश्म खरे आहेत, मात्र ते सुमारे एकशे साठ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. वादाच्या दोन्ही बाजूंना निम्मे निम्मे यश मिळाल्याचे असे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच आढळते. २०१७ साली तेथील एका तंतुरूप जीवाश्माला जे नाव देण्यात आले त्यात आझमी यांचे आणि चित्रकूटचे अशी दोन्ही नावे गुंफलेली आहेत.

यापुढे चौशिंग्याचे वय ते काय! गाई, शेळ्या आणि कुरंग यांच्या कुळाचे सर्वांत जुने अवशेष पावणेदोन ते दोन कोटी वर्षांपलीकडे जात नाहीत. चित्रकूटच्या दगडातले तंतू त्याच्या ऐंशीपट जुने. आणि त्या तंतूंसारखेच तंतू आजही झाशीच्या डबक्यात वाढत असतात. चौशिंग्याच्या बाबतीत मात्र त्याच्या वंशातील ही एकच जाती आज शिल्लक आहे. त्याचा त्यातल्या त्यात जवळचा नातलग म्हणजे नीलगाय, जिला विदर्भात रोही म्हणतात. ही नीलगाय बुंदेलखंडाच्या शेतांत कळपाने शिरून हरभऱ्याचा आणि मसुराचा फडशा पाडते, आणि शेतकरी रात्ररात्र माचाणावर बसून तिला हाकलीत असतो. एकाच घराण्यातील एक शाखा उपद्रव ठरावी आणि दुसरी नामशेष होण्याच्या वाटेवर असावी, हा योग मनुष्यांच्या घराण्यांतही पाहावयास मिळतो.

आता वाढीचा हिशेब पाहावा. तलावाच्या पाण्यावर जो हिरवा साका येतो त्यात बहुधा मायक्रोसिस्टिस नावाचा नीलजीवाणू असतो. त्याची एक पेशी साधारणपणे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी. एका पूर्ण वाढलेल्या चौशिंग्याचे वजन भरण्यास अशा सुमारे तीन कोटी कोटी, म्हणजे तिनावर चौदा शून्ये इतक्या पेशी लागतील. परंतु उष्ण व पोषक पाण्यात ही पेशी दिवसा-दोन दिवसांनी दुभंगते. दिवसास एकदा असे धरले, तर एका पेशीपासून आरंभ करून अठ्ठेचाळिसाव्या दिवशी चौशिंग्याएवढा शेवाळाचा लोंढा तयार होतो. हा हिशेब अर्थात कागदावरचा आहे. प्रत्यक्षात अन्न संपते, वारा सुटतो, सूक्ष्म प्राणी ते खाऊन टाकतात. तरी त्यावरून प्रमाण कळते. चौशिंगीचा गर्भकाळ सुमारे आठ महिन्यांचा असतो, आणि तेवढ्या अवधीत तिला एक किंवा फार तर दोन पाडसे होतात. ती पाडसे ती गवतात दडवून ठेवते. मोकाट कुत्रा तेथे पोचला की वर्षाचे सारे श्रम संपले.

तहानेच्या बाबतीत तर दोघांची प्रकृती अगदी उलट आहे. बुंदेलखंडाच्या माळावर पहिल्या पावसानंतर हिरवट तपकिरी, बुळबुळीत, लगदा झालेल्या कागदासारखे काही तरी जमिनीवर पसरलेले दिसते. तो नॉस्टॉक. ऊन पडताच तो सुकून काळ्या कुरकुरीत पापुद्र्यासारखा होतो आणि पुढच्या पावसाची वाट पाहतो. एका वनस्पतिसंग्रहात कागदावर चिकटवून ठेवलेला नॉस्टॉक शंभराहून अधिक वर्षांनी पाणी घालताच पुन्हा जिवंत झाल्याची नोंद आहे. चौशिंग्याला असा काळ थांबवून ठेवता येत नाही. कोरड्या प्रदेशात राहत असूनही त्याला नेमाने पाणी लागते, आणि म्हणून तो ओढे, झरे व डोह यांच्यापासून फार दूर जात नाही. काळवीट उघड्या माळावर धावून जीव वाचवितो. चौशिंग्याला झाडी आणि गवत दोन्ही हवे. संकट दिसले की तो प्रथम गवतात स्तब्ध उभा राहतो, आणि अगदी जवळ आल्यावर झटक्याझटक्याने उड्या घेत निघून जातो. म्हणजे पाणी, गवत आणि झाडी या तिन्हींचा योग जेथे आहे तेथेच त्याचे घर. असा योग ज्या जागी असतो, त्याच जागी गुराखी आपली गुरे आणतो आणि अभियंता धरणाची जागा शोधतो.

गुरांचा हा प्रश्न बुंदेलखंडात विशेष बिकट आहे. तेथे 'अन्ना प्रथा' नावाची चाल आहे. पीक निघाल्यानंतर आणि दूध आटलेल्या गाई पोसणे न परवडल्यास जनावरे मोकळी सोडून द्यावयाची. दुष्काळात त्यांची संख्या फुगते, ती शेतांत शिरतात, रानांत शिरतात, आणि चौशिंग्याच्या वाटणीचे गवत, बोरे आणि पाणी घेतात. यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. चारा नसलेल्या घरात गाय बांधून ठेवणे हीही तिच्यावर दयाच म्हणता येत नाही. १९६२ साली झाशीतच भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था स्थापन झाली. गायरान सुधारून गोठ्यापुरता चारा गावातच पिकविला तर रानावरचा भार हलका होतो, ही गोष्ट जितकी गवळ्याच्या हिताची तितकीच चौशिंग्याच्याही हिताची आहे.

स्वभावाची तुलना करावयास जावे तर एक अनपेक्षित गोष्ट पुढे येते. सामान्यतः जीवाणू म्हटला की एकटी, आपमतलबी पेशी असे वाटते, आणि हरीण म्हटले की कळप. येथे उलट आहे. चौशिंगा एकटा राहतो, फार तर जोडीने किंवा मादीबरोबर पिलू. दुसऱ्यांशी त्याचा व्यवहार बहुतांशी वासाच्या खुणांनी चालतो. डोळ्यांपुढील ग्रंथींचा स्राव तो झुडपांना लावतो, आणि लेंड्या टाकण्यासाठी पुनःपुन्हा त्याच त्या ठरलेल्या जागी येतो. उलट ॲनाबीना नावाचा नीलजीवाणू मण्यांच्या माळेसारखा राहतो. पाण्यात नत्र अपुरे पडले की त्या माळेतील साधारणपणे दर दहावी पेशी आपले रूप पालटते. तिचे कवच जाड होते, ती प्राणवायू निर्माण करणे थांबविते, आणि हवेतील नत्रवायू पकडून त्याचे खत करून शेजारच्या पेशींना पुरविते. त्या तिला साखर देतात. अशी पेशी पुन्हा कधी दुभंगत नाही. तिला संतती नाही; माळेतल्या इतरांची संतती तीच तिची. याला त्याग म्हणणे शास्त्राच्या भाषेत बसत नाही, पण श्रमविभाग म्हणण्यास हरकत नाही, आणि हा श्रमविभाग माणसाच्या कोणत्याही गावगाड्यापेक्षा जुना आहे.

या नत्राचा भारतीय शेतीशी निकटचा संबंध आहे. भाताच्या पाणथळ खाचरांत वर्षानुवर्षे खत न घालताही पीक कसे येत राहते, याचे उत्तर पी. के. डे यांनी १९३९ साली दिले. तेथील नीलहरित शेवाळ हवेतील नत्र जमिनीत आणते, असे त्यांनी दाखविले. पुढे बनारस हिंदू विद्यापीठातील आर. एन. सिंग यांनी उत्तर प्रदेशातील ऊसर, म्हणजे क्षाराने नापीक झालेल्या, जमिनींचा अभ्यास केला. पावसाळ्यात बांध घालून पाणी अडवावे, त्यात हे शेवाळ वाढू द्यावे, म्हणजे हळूहळू क्षारता उतरते आणि सेंद्रिय द्रव्य वाढते, असा निष्कर्ष त्यांनी १९५० साली जगापुढे मांडला. किल्ल्याच्या भिंतीवर जे कुरूप दिसते तेच शेतात अन्नदाते ठरते. चौशिंग्याकडून असा रोकडा उपयोग दाखविता येत नाही, आणि तो दाखवीत बसण्याची खटपटही करू नये. वन्य प्राण्याचा बचाव त्याच्या उपयोगाच्या आधारावर केला की उपयोग संपताच बचावही संपतो.

दोघांमधील सर्वांत जिव्हाळ्याचे नाते मात्र याहून निराळे आहे. हिरव्या पानाच्या पेशीत जे हरितकण असतात, ते मुळात स्वतंत्र नीलजीवाणूच होते, आणि फार प्राचीन काळी एका मोठ्या पेशीने त्यांना गिळून, पण न पचविता, आपल्या घरी ठेवून घेतले, अशी कल्पना मेरेझकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने १९०५ साली मांडली. बराच काळ तिची थट्टाच झाली. १९६७ साली लिन मार्ग्युलिस या अमेरिकन विदुषीने तिला नवा जोर दिला, आणि पुढे हरितकणांतील आनुवंशिक द्रव्याचे वाचन झाल्यावर ती निर्विवाद ठरली. तेव्हा चौशिंगा बोरीची कोवळी पाने खातो किंवा आवळ्याखाली पडलेले फळ उचलतो, तेव्हा तो नीलजीवाणूंच्या वंशजांनीच केलेले अन्न खात असतो. त्याच्या नाकपुडीत जाणारा प्राणवायूही त्यांचाच. इतकेच नव्हे, खाल्लेल्या पानातील काष्ठमय भाग पचविण्याची शक्ती त्याच्या स्वतःच्या शरीरात नाही. ते काम रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटातील असंख्य जीवाणू करतात. इतका जीवाणूंच्या भरवशावर चालणारा हा चार शिंगांचा संसार आहे.

आणि तरीही हेच शेवाळ त्याचा घात करू शकते. साचलेल्या, उष्ण आणि सांडपाण्याच्या वा खतांच्या पोषणाने जड झालेल्या पाण्यात मायक्रोसिस्टिस बेसुमार वाढतो. त्याच्या पेशीत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे तो पृष्ठभागावर तरंगतो आणि खालच्या साऱ्या पाण्याचा प्रकाश अडवितो. त्यातून यकृतावर आघात करणारे विष निर्माण होते, आणि ते पाणी उकळूनही जात नाही. अशा विषबाधेची पहिली शास्त्रीय नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ साली ऑस्ट्रेलियातील ॲलेक्झांड्रिना सरोवराविषयी केली. तेथील नीलजीवाणू निराळा होता, पण काठावर पाणी प्यालेली गुरे, मेंढ्या आणि घोडे काही तासांत मेले. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू येथे मूत्रपिंडाच्या रोग्यांवरील उपचारात असे दूषित पाणी वापरले गेले आणि पन्नासांहून अधिक रोगी दगावले. २०२० साली बोट्स्वानात तीनशेहून अधिक हत्ती पाणवठ्यांच्या आसपास मेलेले आढळले. त्या देशाच्या सरकारने त्याचे कारण नीलजीवाणूंचे विष असे सांगितले, आणि नंतरच्या संशोधनानेही त्याच दिशेस बोट दाखविले. हत्तीसारखा प्रचंड प्राणी जेथे टिकत नाही तेथे वीस किलोच्या कुरंगाची काय कथा?

झाशीत हा विषय पुस्तकी नाही. शहराच्या पूर्वेस लक्ष्मीताल आहे. त्याच्या काठी महालक्ष्मीचे मंदिर आहे, जेथे राणी दर्शनास जात असे, आणि जवळच गंगाधररावांची छत्री आहे. १८५३ सालच्या नोव्हेंबरात ते निवर्तल्यावर राणीने ती बांधविली. झाशीच्या मराठी इतिहासातील याहून हळवी जागा दुसरी नसेल. त्याच तळ्यात शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे येत राहिले. ज्या पाण्यात मंदिराच्या शिखराचे प्रतिबिंब पडावे, त्या पाण्यावर हिरवा साका पडण्यास याहून अधिक काही लागत नाही. शेवाळाचा यात अपराध नाही. त्याला जे वाढले गेले ते त्याने खाल्ले.

या दोन जीवांची गाठ आता एका फार मोठ्या कार्यात पडली आहे, आणि ते कार्य म्हणजे केन आणि बेतवा या नद्यांची जोडणी. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ४४,६०५ कोटी रुपयांच्या या योजनेस मान्यता दिली, आणि २५ डिसेंबर २०२४ रोजी खजुराहो येथे तिची कोनशिला बसविण्यात आली. केन नदीवर दौधन येथे ७७ मीटर उंचीचे धरण, तेथून २२१ किलोमीटर लांबीचा कालवा, आणि त्यातून बेतवेच्या, म्हणजे प्राचीन वेत्रवतीच्या, खोऱ्यात पाणी. सुमारे १०.६२ लाख हेक्टरांना सिंचन आणि सुमारे ६२ लाख लोकांना पिण्याचे पाणी, अशी अपेक्षा आहे, आणि लाभार्थी जिल्ह्यांत झाशीही येते. ज्यांनी बुंदेलखंडातील कोरड्या विहिरी आणि कुलूप लावून रोजगारासाठी परगावी गेलेली घरे पाहिली आहेत, त्यांना या अपेक्षेची चेष्टा करवणार नाही.

परंतु दौधन हे पन्नाच्या व्याघ्रप्रकल्पाच्या आत आहे. सहा हजार हेक्टरांहून अधिक वनजमीन या कामी जावयाची आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने योजनेच्या वन्यजीवविषयक परवानगीवर गंभीर आक्षेप नोंदविले. त्यानंतर जी चर्चा झाली ती मुख्यतः वाघांची, आणि ते स्वाभाविकच होते. पन्नातील सारे वाघ २००९ पर्यंत नष्ट झाले होते, आणि त्याच वर्षापासून बाहेरून वाघ आणून ते पुन्हा वसविण्यात आले. वाघाला वकील मिळतात, गिधाडालाही अलीकडे मिळू लागले आहेत. चौशिंग्याचे नाव मात्र यादीच्या शेवटी येते. वास्तविक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाच्याच पंक्तीस, पहिल्या अनुसूचीत, बसविले आहे. जागतिक यादीत तो 'असुरक्षित' म्हणून नोंदला गेला असून त्याची एकूण संख्या दहा हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असावी असा अंदाज आहे. वाघ डोंगर ओलांडून दुसऱ्या रानात जाऊ शकतो. चौशिंगा आपला ओढा सोडून किती दूर जाईल, याचा विचार भरपाईच्या कोष्टकात बसत नाही. शिवाय जी भरपाईची झाडे लावली जातात ती ओळीने लावलेली रोपे असतात. गवत, झुडूप आणि सावली यांचा जो विस्कळीत मेळ त्याला हवा असतो, तो रोपवाटिकेत मिळत नाही.

आग्नेय आशियातील साओला या प्राण्याची गोष्ट येथे आठवते. लाओस आणि व्हिएतनामच्या सीमेवरील दाट अरण्यात राहणारा हा कुरंगासारखा प्राणी विज्ञानाला १९९२ साली प्रथम कळला. २०१३ सालच्या एका छायाचित्रानंतर तो खात्रीने कोणास दिसलेला नाही. ओळख होऊन एक पिढीही उलटली नाही तो निरोपाची वेळ आली. चौशिंग्याची स्थिती अद्याप त्याच्याइतकी निराशाजनक नाही, आणि म्हणूनच त्याच्याविषयी आज काही करता येण्यासारखे आहे. केनच्या दोन्ही तीरांवरील उंच भागातील ओढे आणि झरे गुरांपासून राखणे, सभोवतालच्या गावांत गोठ्यापुरत्या चाऱ्याची सोय करणे, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करणे, ही कामे धरणाच्या मानाने फार अल्प खर्चाची आहेत.

जलाशय भरल्यावर शेवाळाची सोय मात्र कोणी न करता होईल. बुडालेली झाडे व गवत कुजून पाण्यात पोषक द्रव्ये उतरतात, पाणी संथ असते, उन्हाळा दीर्घ असतो, आणि कालव्याच्या काठची शेते आपली खते पावसाबरोबर परत पाठवितात. नव्या जलाशयांत पहिली काही वर्षे शेवाळाचा जोर विशेष असतो, हा अनेक देशांचा अनुभव आहे. त्यावर उपाय नाहीत असे नाही. पाणी अडविण्यापूर्वी बुडणारे क्षेत्र साफ करणे, गावांचे आणि शहरांचे सांडपाणी शुद्ध केल्यावाचून न सोडणे, आणि उन्हाळ्यात पाण्याची वेळोवेळी तपासणी करणे, हे ते उपाय. लक्ष्मीतालाच्या काठी जे साधले नाही ते इतक्या विस्तृत पाण्यावर साधण्यास मोठी दक्षता लागेल.

दोघांची गणती करण्याची रीतही अखेर सारखीच अप्रत्यक्ष आहे. तलावातल्या पेशी एकेक करून कोणी मोजत नाही. पाण्याचा एक थेंब रेघा आखलेल्या काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि त्यावरून एकूण अंदाज बांधतात. चौशिंगाही सहसा नजरेस पडत नाही. तो ज्या ठरलेल्या जागी परत परत येतो तेथे लेंड्यांचा ढीग साठलेला असतो. वनरक्षक उन्हाळ्यात, पानगळ झाल्यावर, ओढ्यांच्या कडेने चालत जाऊन ते ढीग शोधतो. लेंडी ओली आहे की वाळलेली, हे काडीने उलटून पाहतो, आणि वहीत एक आकडा लिहितो.